बाबांच्या खेळाचा परतावा

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण मधे हसू नका, एवढं सांभाळा. हा किस्सा मी आजही गंभीरपणेच सांगते. ऐकणाऱ्यांना हसू का येतं, ते तुम्ही शेवटी मला सांगा.

जगाचं भलं करायला म्हणून मी जी कामं हातात घेतली, त्यात सगळ्यात मोठं नुकसान कुणाचं झालं असेल तर माझ्या बाबांचं. आणि ते मी रीतसर केलं. अर्ज लिहून, शपथपत्र जोडून, पोचपावती घेऊन.

गोष्ट दोन हजार नऊची. पुण्याला पाच वर्षं कायदा शिकून मी मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटला परत आले होते. सोबतच्या मुली मोठमोठ्या कंपन्यांत लागल्या. मी दोन पेट्या पुस्तकं आणि एक विश्वास घेऊन घरी आले. विश्वास असा, की नीट लिहिलेल्या अर्जापुढे कुठलाही अन्याय फार दिवस टिकत नाही. माहितीचा अधिकार तेव्हा नवा होता आणि मी चोवीस वर्षांची होते. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की माणूस कुणाचं ऐकत नाही.

रोज सकाळच्या बसने मी परसवाड्याकडे जायची. तिकडच्या एका गावात पाण्याची टाकी बांधून तयार होती, पण टाकीपर्यंत पाईपच आला नव्हता. त्या गावातल्या बायकांसाठी मी अर्जांवर अर्ज लिहीत होते. संध्याकाळी घरी यायची, जेवायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या अर्जाचा मसुदा करत झोपायची.

घरी आम्ही तिघं. आई सरकारी शाळेत शिक्षिका, साडेदहाला जायची ती पाचला यायची. बाबा पाणी खात्यातून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. दिवसभर घरात एकटे. त्यांचा वेळ जावा म्हणून मीच मधल्या खोलीत कम्प्युटर बसवला, ब्रॉडबँड घेतलं, रेल्वेची तिकिटं काढायला त्यांच्या नावाने बँकेचं कार्ड काढून दिलं. बाबा कम्प्युटरवर पेपर वाचतात, असं मी सगळ्या वॉर्डात सांगत फिरायची.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. मी शाळेत असताना बस स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं एक दुकान निघालं होतं. बाबांनी माझ्या आतेभावाला कान धरून तिथून बाहेर काढला आणि दुकानदाराला भर रस्त्यात अर्धा तास देशाच्या भविष्याविषयी ऐकवलं. तेव्हापासून बाबा दिसले की वॉर्डातली पोरं दुकानाच्या मागच्या दाराने पळायची. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, तिथेच सगळं बिघडलं.

मार्चमध्ये बाबांच्या करविवरणासाठी मी त्यांच्या फायली काढल्या. बाबांकडे प्रत्येक कागदाला फाईल असते, आणि कुठेच न बसणाऱ्या कागदांना ‘संकीर्ण’ नावाची एक. त्या संकीर्णात मला कार्डाचं चार महिन्यांपूर्वीचं बिल सापडलं. परदेशातली एक कंपनी, नाव कधी न ऐकलेलं, रक्कम बाराशे काही रुपये. मी नेटवर शोधलं तर ती व्हिडिओ गेम विकणारी कंपनी निघाली. डबा नाही, सीडी नाही. पैसे भरायचे आणि खेळ सरळ कम्प्युटरवर उतरवून घ्यायचा.

“बाबा, हे काय हाय?”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “काय मालूम. चुकून दबलं असन काही.”

“चुकून? कार्डाचा सोळा आकडी नंबर चुकून दबते?”

“तिकीट काढता काढता झालं असन. जाऊ दे न बेटा. बाराशेचीच त बात हाय.”

आता मला सांगा, पुण्यात पाच वर्षं ग्राहक कायदा शिकलेल्या मुलीला कुणी असं म्हणावं का? “प्रश्न बाराशेचा नाही, बाबा,” असं मी सुरू केलं आणि साधारण वीस मिनिटं बोलले. साध्याभोळ्या निवृत्त माणसाला फसवून परदेशी कंपन्या पैसे उकळतात, आणि आपली माणसं ‘जाऊ दे’ म्हणतात, म्हणूनच त्यांचं फावतं, असा एकूण सूर होता. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, पटतंय.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “काहून त्याइच्या मागं लागली तू? थकून आली, जेव पहिले.”

“आई, मी त्यांच्या मागे नाही, त्यांच्या पाठीशी आहे.”

“दोन्ही एकाच बाजूनं होते,” आई म्हणाली आणि फोडणीकडे वळली.

कंपनीचा नियम स्पष्ट होता. घेतल्यापासून सात दिवसांच्या आत, आणि खेळ एकदाही उघडला नसेल, तरच पैसे परत. आमचे चार महिने होऊन गेले होते. म्हणजे नियमात बसत नव्हतं. पण नियमात बसणारी मागणी कुणीही करेल. नियमाबाहेरची करायलाच तर मी शिकले होते. मी ईमेल लिहिला. ग्राहक ज्येष्ठ नागरिक आहे, त्याला इंग्रजी नीट येत नाही, आपण काय घेतोय हेच त्याला कळलं नाही.

उत्तर आलं: मुदत संपली आहे, क्षमस्व.

मी दुसरा ईमेल लिहिला. तो चार पानांचा होता.

उत्तर आलं: मुदत संपली आहे, क्षमस्व.

या काळात बाबा माझ्याशी फार प्रेमाने वागत होते. स्वतः चहा करून आणायचे. “लई झालं आता,” म्हणायचे. “थकली असशीन. सोडून दे. त्या गावच्या बायाइचं काम पाय. ते मोठं काम हाय.” मला भरून यायचं. स्वतःवर अन्याय झालेला असताना माणूस दुसऱ्यांच्या टाकीचा विचार करतो! मी दुप्पट जोमाने तिसऱ्या अर्जाला बसले.

तिसऱ्याच्या वेळी कंपनीकडून पहिल्यांदाच माणसाने लिहिल्यासारखं उत्तर आलं. खरेदी खरोखरच अनवधानाने झाली आणि खेळ वापरलाच गेला नाही, असं खातेदाराने स्वतः लिहून दिलं तर आम्ही अपवाद म्हणून विचार करू.

‘लिहून दिलं’ म्हटल्यावर आमच्याकडे साध्या कागदावर कोण थांबतं? मी बाबांना घेऊन सरळ कचेरीत गेले.

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टायपिस्ट बसतात, तिथे स्टँप पेपर चढवला. मी सांगत होते, टायपिस्ट हिंदीत ठोकत होता: ‘मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि उक्त खेल मैंने न जानबूझकर खरीदा, न कभी खेला।’

बाबा त्याच्या खांद्यावरून वाचत होते. आयुष्यात कधी न वाचता सही न केलेला माणूस. त्यांनी हळूच विचारलं, “ये ‘कभी’ जरूरी है क्या?”

“मतलब?” टायपिस्टने विचारलं.

“मतलब... ‘नियमित रूप से नहीं खेला’, ऐसा लिख दो।”

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्ही नियमित काय, अनियमितपण खेळले नाही. कमजोर शब्द लिहिले की केस कमजोर होते. ‘कभी’ राहू द्या.”

बाबा बराच वेळ पेन हातात धरून उभे होते. कोर्टाच्या नुसत्या आवारात सामान्य नागरिक कसा दबून जातो, यावर मी मनातल्या मनात एक लेख लिहायला घेतला. शेवटी त्यांनी सही केली आणि सहीखाली बारीक अक्षरात एक ओळ जोडली: ‘पुत्री के कथनानुसार।’

ती ओळ वाचून माझे डोळे भरून आले. म्हटलं, केवढा हा विश्वास.

शपथपत्र स्कॅन करून, इंग्रजी भाषांतरासह पाठवलं. दहा दिवसांनी उत्तर आलं. तेव्हा आम्ही तिघं मधल्या खोलीतच चहा पीत होतो. मी उभी राहून मोठ्याने वाचायला लागले, एकेक वाक्य मराठीत करून.

“ते म्हणतात, आमच्या नियमात हे बसत नाही, तरी अपवाद म्हणून पूर्ण रक्कम परत करत आहोत.” मी थांबून दोघांकडे पाहिलं. “जिंकलो आपण.”

“झालं एकदाचं,” आई म्हणाली.

“पुढे म्हणतात, मात्र आमच्या नोंदीप्रमाणे या खात्यावरून हा खेळ तीनशेहून जास्त तास खेळला गेला आहे.” मी ते वाक्य परत वाचलं. “खातेदाराने तर आपण कधीच खेळलो नाही असं शपथेवर सांगितलं आहे. म्हणजे दुसरी कोणी व्यक्ती त्यांच्या खात्याचा गैरवापर करत असावी. त्यांच्या सुरक्षेसाठी आम्ही खातं आजपासून बंद केलं आहे. त्यातलं सगळं काम तीस दिवसांनी कायमचं पुसलं जाईल.”

बाबांनी कप खाली ठेवला. “बंद म्हंजे?”

“बंद म्हणजे बंद, बाबा. आता चोराला तिथे पाय ठेवता येणार नाही.”

“आन त्यानं त्याच्यात जे बनवलं असन, थे?”

“ते सगळं पुसणार.”

बाबा उठून कम्प्युटरसमोर जाऊन बसले. तो बंदच होता, तरी त्याच्याकडे बघत राहिले. त्या संध्याकाळी ते नीट जेवलेही नाहीत. आपल्या नावावर कुणीतरी तीनशे तास चोरून खेळलं, याचा स्वच्छ हाताने नोकरी केलेल्या माणसाला धक्का बसणारच. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, “चोर मी सोडणार नाही, बाबा.”

“सोड,” बाबा म्हणाले.

आई म्हणाली, “चोर कसा हाय हा? घरात येते, खेळते, आन भांड्याले हात नाही लावत?”

“आई, हे चोर घरात येत नाहीत. ते दूर कुठेतरी बसलेले असतात.”

“मंग तीनशे तासाचं बिजलीचं बिल आपल्या घरी काहून आलं?”

आईच्या या प्रश्नाकडे मी लक्ष दिलं नाही. ती गणिताची शिक्षिका होती, कायद्याची नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. बाबा येत नव्हते. गुडघा दुखतो म्हणाले. मी रिक्षा केली.

ठाण्याचे मुंशीजी, म्हणजे तक्रारी लिहून घेणारे कारकून, साठीला टेकलेले, शांत गृहस्थ होते. रजिस्टर उघडून त्यांनी विचारलं, “क्या चोरी हुआ, मैडम?”

“तीन सौ घंटे।”

मुंशीजींनी पेन थांबवलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. कंपनीने तासांचा तक्ता पाठवला होता, त्याची छापील प्रत टेबलावर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

“कम्प्यूटर कहाँ रखा है?”

“घर में, बीच के कमरे में।”

“ताला-वाला टूटा?”

“नहीं।”

“दिन में घर पर कौन रहता है?”

“पिताजी।”

“और?”

“और कोई नहीं।”

मुंशीजींनी तक्त्यावर बोट ठेवलं. “चोर ग्यारह बजे शुरू करता है। चार बजे बंद। बीच में एक से दो बजे रोज़ छुट्टी।” मग ते बाबांकडे वळले आणि अगदी आदराने विचारलं, “बाबूजी, एक से दो आप क्या करते हैं?”

“भोजन,” बाबा म्हणाले.

“और इतवार को चोर आता ही नहीं। मैडम, इतवार को आप लोग घर पर रहते हैं?”

“हाँ, सब लोग।”

मुंशीजींनी रजिस्टर मिटलं. हवालदाराला तीन चहा सांगितले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मैडम, चोर कोई बुज़ुर्ग आदमी लगता है। खाने-पीने का पाबंद है। घर-परिवार वाला है। मेरी मानिए तो छोड़ दीजिए।”

आणि मी काय म्हटलं असेल? आजही आठवलं की कान तापतात. मी म्हटलं, “उम्र देखकर कानून नहीं बदलता, मुंशीजी।”

मग बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“प्रज्ञा. मीच होय थो.”

चहा आला. मुंशीजी एक फाईल घेऊन उगाच दुसऱ्या खोलीत निघून गेले. माणूस मोठा समजूतदार.

बाबा कपाकडे बघत बोलत होते. पेपर वाचता वाचता एक जाहिरात आली. आपलं शहर आपण वसवा, पहिला एक तास फुकट. पाहून तर घ्यावं म्हणून त्यांनी दाबलं. तासाभरात रस्ते झाले, घरं झाली, पाण्याची टाकी अर्धी झाली आणि वेळ संपली. टाकी अर्धी सोडून उठवेना. त्यांनी कार्ड काढलं.

“छत्तीस वर्स फायली चालवल्या मी,” बाबा म्हणाले. “तू ज्या गावी जातं न, त्याची फाईल मी सात खेपा वर पाठवली. सातही खेपा वापस आली. कधी नकाशा नाही, कधी सही नाही. इथं मी टाकी बांधली, पाईप टाकला, आन आठव्या दिवशी घराघरात पानी. मी नावंबी थेच देल्ली. परसवाड्याकडचे बारा गावं झाले होते. तेराव्याचं काम चालू होतं.”

मी तक्त्याची घडी घातली. “मग मला सांगितलं काहून नाही?”

“कसं सांगू? वॉर्डातल्या पोराइचे कान धरले मी ह्याच खेळासाठी. आन मंग तू माह्या बाजूनं भांडाले बसली. एवढी जीव तोडून भांडून राह्यली पोरगी, तिले कसं सांगू का भांडणच खोटं हाय?”

“मी विचारलं असतं तर...”

“तू विचारलं कुठी, बेटा? तू त लिहूनच राह्यली होती.”

रिक्षा करायचं सुचलं नाही. आम्ही चालतच घरी आलो. बाबांचा गुडघा दुखत नव्हता. मी मनात दिवस मोजत होते. तीस दिवसांतले दोन गेले होते. अठ्ठावीस दिवसांनी बारा गावांचं पाणी माझ्यामुळे बंद होणार होतं. परसवाड्यात मी एका गावाला पाणी आणू शकले नव्हते, आणि इथे बारा गावांचं तोडलं होतं, तेही दीड महिन्यात. पाणी खात्याला एवढ्या वेगाने काही जमलं नसतं.

घरी पोचताच मी कागद ओढला. “मी लगेच अर्ज लिहिते. चुकीने मंजूर झालेला परतावा रद्द करण्याबाबत. विशेष बाब म्हणून...”

“नाही,” बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज बडे बाबूंचा झाला. “तू पेनाले हात नको लावू. मी लिहितो.”

ते टेबलाशी बसले आणि दहा मिनिटांत एक पान लिहून माझ्यापुढे ठेवलं. “इंग्रजीत करून दे. एक शब्द इकडचा तिकडं नको करू.”

सरकारी खात्याची शिस्तशीर हिंदी. विषय, संदर्भ, आणि खाली तीन मुद्दे.

‘1. उक्त खेल आवेदक ने स्वयं खरीदा तथा स्वयं खेला। पूर्व शपथपत्र असत्य था, जिसका आवेदक को खेद है। लौटाई गई राशि वापस ली जाए।

2. खाते में बारह ग्रामों की नल-जल योजना पूर्ण तथा एक प्रगति पर है। उसे नष्ट न किया जाए।

3. समस्त पत्राचार आवेदक की पुत्री ने किया। वह नेक है, पढ़ी-लिखी है। उसे रोकने के प्रयास किए गए, सफलता नहीं मिली।’

आई मागे उभी राहून वाचत होती. “तिसरा मुद्दा पहिला पाह्यजे होता,” म्हणाली.

मी भाषांतर केलं. एक शब्द बदलला नाही. पुण्यात पाच वर्षं शिकलेलं सगळं इंग्रजी त्या तिसऱ्या मुद्द्यात ओतलं, कारण बाबा शेजारी बसून विचारत होते, “‘सफलता नहीं मिली’ आलं का बरोबर?”

माझ्या तीन अर्जांना दीड महिना लागला होता. बाबांच्या एका पानाला दोन दिवस लागले. खातं उघडलं, बारा गावं जशीच्या तशी होती, नळ चालू होते. कंपनीने लिहिलं होतं, परतावा परत घेण्याची तरतूद आमच्या नियमांत नाही, तरी मुद्दा क्रमांक तीन लक्षात घेऊन अपवाद करत आहोत.

खाली आणखी एक ओळ होती. ती मीच बाबांना मराठीत करून वाचून दाखवली: या खात्याबाबत यापुढे फक्त खातेदाराचंच पत्र स्वीकारलं जाईल, त्यांच्या मुलीने कृपया लिहू नये.